एका योगाचे अनेक वर्ग : पेटंटांचे वर्गीकरण आणि आपली दक्षता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत घोकलेला आहे. पन्नास महाकषाय, प्रत्येकात दहा द्रव्ये, एकूण पाचशे कषाय. मात्र त्याच अध्यायाच्या अखेरीस अग्निवेशाने विचारलेल्या शंकेकडे परीक्षेच्या धांदलीत आपले फारसे लक्ष जात नाही. तीच ती द्रव्ये निरनिराळ्या महाकषायांत पुन्हा पुन्हा आली आहेत, मग पाचशे ही संख्या भरते कशी, असे तो विचारतो. आत्रेयांचे उत्तर असे की, एकच मनुष्य वेगवेगळी कामे करू लागला म्हणजे त्या त्या कामावरून त्याला वेगवेगळी नावे मिळतात. द्रव्यांचेही तसेच समजावे. हरिद्रा लेखनीय गणात आहे, कुष्ठघ्नात आहे आणि विषघ्नातही आहे. तिन्ही ठिकाणी ती पूर्णत्वाने आहे. कोठेही एक तृतीयांश नाही.

अग्निवेशाची ही शंका आज जगातील पेटंट कार्यालयांपुढे रोज उभी असते, आणि तिचे तेथे जे उत्तर दिले जाते त्यावर आपल्या शास्त्राचे व आपल्या औषधालयांचे हित पुष्कळ अंशी अवलंबून आहे. पेटंट या विषयावर आपल्या संमेलनांतून भाषणे बरीच होतात. हळदीचा विजय सांगितला जातो, टाळ्या पडतात. परंतु एखादे पेटंट कोणत्या वर्गात नोंदले गेले, एकाच वेळी किती वर्गांत गेले आणि त्यामुळे ते कोणाच्या नजरेस पडले वा निसटले, या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे आपण वळत नाही. हा प्रश्न कारकुनी नाही, असे आमचे मत आहे, आणि ते येथे सविस्तर मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम वर्गीकरणाचे स्वरूप. १९७१ मधील स्ट्रासबुर्ग कराराने आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणाची पद्धत रूढ झाली. भारतीय पेटंट कार्यालयही तीच वापरते. सर्व तंत्रज्ञान ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंतच्या आठ विभागांत वाटलेले असून त्याखाली वर्ग, उपवर्ग, गट व उपगट मिळून सत्तर हजारांवर स्थाने आहेत. ‘ए’ विभाग मानवी गरजांचा. त्यातील ए६१ हा वैद्यकाचा वर्ग, ए६१के हा औषधी कल्पांचा उपवर्ग, ए६१के ३६ हा वनस्पतींपासून केलेल्या पारंपरिक औषधांचा गट. एखाद्या औषधालयातील खणांच्या कपाटाची येथे आठवण व्हावी. भेद इतकाच की या कपाटात एकच पुडी एकाच वेळी अनेक खणांत ठेवता येते. नव्हे, तशी ती ठेवावी असाच नियम आहे. शोधाचे जितके पैलू, तितकी चिन्हे. त्यांपैकी शोधाचे स्वरूप सर्वांत योग्य रीतीने दर्शविणारे चिन्ह पहिले लिहावयाचे.

आता हळदीचेच उदाहरण घेऊ. व्रणावर लावावयाच्या हरिद्राचूर्णाचा अर्ज आला तर तो ए६१के ३६/९०६६ येथे, म्हणजे आर्द्रककुळातील हरिद्रेच्या खणात जाईल. जोडीला व्रणोपचारासाठी ए६१पी १७/०२ हे चिन्ह लागेल. त्याच हळदीतील करक्युमिन वेगळे काढून औषध केले की ते ए६१के ३१ मध्ये, कार्बनी रसायनांत गेले. हळदीचा लेप ‘सौंदर्यप्रसाधन’ म्हणून सादर झाला तर ए६१के ८ व ए६१क्यू. हळद घातलेला पोषक आहार असेल तर ए२३एल. हळदीचा रंग म्हणून उपयोग असेल तर नैसर्गिक रंगद्रव्यांचा सी०९बी ६१. हळदीची औषधी पट्टी बांधावयाची असेल तर ए६१एल १५. पिकावर फवारावयाची असेल तर ए०१एन ६५. एवढे खण झाले आणि आजीबाईच्या बटव्यातील हळकुंड अद्याप एकच आहे.

मिश्र योगांत तर ही वाटणी फारच दूरवर जाते. चंद्रप्रभावटी घ्या. तीत गुग्गुळ आहे, तो ए६१के ३६/३२८ मध्ये. गुळवेल आहे, ती ३६/५९ मध्ये. पिंपळी ३६/६७ मध्ये, हळद वर सांगितलेल्या खणात. लोहभस्म आहे, ते वनस्पतिज नसल्याने ए६१के ३३/२६ मध्ये, खनिज द्रव्यांत. वटी ही कल्पना म्हणून ए६१के ९/२०. प्रमेहासाठी दिली तर ए६१पी ३/१०, मूत्रविकारांसाठी दिली तर ए६१पी १३. शिलाजित, माक्षिक, क्षार व लवणे यांचा विचार आम्ही अद्याप केलेलाच नाही. सदतीस द्रव्यांचा हा योग ज्याच्या हाती पडेल, त्या अधिकाऱ्याला पहिले चिन्ह कोणते वाटेल हे सांगता येत नाही. लोहकल्प म्हणून पाहिला तर तो एका वाटेने जाईल, गुग्गुळकल्प म्हणून पाहिला तर दुसऱ्या. आपल्याकडे या बाबतीत वाद नसतो. शार्ङ्गधराने कल्पनेनुसार प्रकरणे पाडली, भैषज्यरत्नावलीने रोगाधिकारानुसार योग मांडले, आणि वैद्य दोन्ही वाटांनी त्याच वटीपाशी पोहोचतो. पेटंटांच्या कपाटात योग हा घटकद्रव्यांत विरघळून जातो. तेथे कूळ प्रधान आहे, कर्म गौण आहे, आणि संयोगाला स्वतःचे असे घर जवळजवळ नाही.

कुळाच्या प्राधान्याचा आणखी एक घोटाळा आपल्या लक्षात येण्याजोगा आहे. रास्ना कोणती, हा आपला जुना वाद. उत्तरेकडे प्लुचिया लान्सिओलाटा घेतात, दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीतील अल्पिनिया, बंगालकडे वांदा. पेटंट वर्गीकरणात पहिली सूर्यफुलाच्या कुळात म्हणजे ३६/२८ मध्ये, दुसरी आर्द्रककुळात ३६/९०६२ येथे, तिसरी आमरकुळात ३६/८९८ मध्ये. ग्रंथातील एकच रास्नादी क्वाथ, परंतु अर्जदाराने कोणते लॅटिन नाव लिहिले यावर त्याचे तीन परस्परांपासून दूरचे पत्ते होतात. संस्कृत नावाने शोध घेणाऱ्यास यांतील एकही पत्ता सापडेल याची शाश्वती नाही.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला व्रणरोपणार्थ हळदीच्या उपयोगाचे ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतील उतारे आणि १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेख मिळून बत्तीस संदर्भ सादर करण्यात आले. ऑगस्ट १९९७ मध्ये सर्व दावे नाकारले गेले व एप्रिल १९९८ मध्ये त्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले. त्या काळी आज हळदीची मोठी बाजारपेठ म्हणून ख्यात असलेला वसमत तालुका आमच्या परभणी जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. आमच्या राणीसावरगाव परिसरात पाय कापला की जखमेत हळद दाबण्यासाठी वैद्याकडे कोणी जात नाही. ती घरातलीच गोष्ट आहे. जी गोष्ट गंगाखेड तालुक्यातील कोणत्याही गृहिणीने शपथेवर सांगितली असती, ती दूरच्या एका परीक्षकाला का दिसली नाही?

त्याचे एक कारण वर्गीकरणात होते. त्या वेळी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वनस्पतिज औषधांसाठी ए६१के ३५/७८ हा एकच उपगट होता. निंब, हळद, अश्वगंधा, गुग्गुळ, जगातील सारी वनौषधी एकाच पोत्यात. असे पोते उपसून त्यातून हळदीचे पूर्वज्ञान शोधण्याची साधने परीक्षकाकडे नव्हती. हळदीच्या प्रकरणानंतर आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी हे नेमके ओळखले. त्यांनी केवळ श्लोकांचे भाषांतर केले नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्याच धर्तीवर पारंपरिक ज्ञानाचे स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. त्यात वनस्पती, खनिजे व प्राणिज द्रव्ये यांच्या बरोबरीने रोग, कर्म, कल्पना व सेवनविधी यांनाही स्थाने होती; आरंभीच सुमारे पाच हजार उपगट झाले. एका खणासमोर पाच हजार खण ठेवल्यावर जगाला उत्तर देणे भाग पडले. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने अमेरिका, युरोप, जपान, चीन व भारत यांचा कार्यगट नेमला, आणि १ जानेवारी २००६ पासून अमलात आलेल्या आठव्या आवृत्तीत ए६१के ३६ हा नवा गट सुमारे दोनशे उपगटांसह दाखल झाला. आमच्या मते हळदीचे पेटंट रद्द होण्यापेक्षाही हे यश मोठे होते. त्याच्यासाठी कोणी मिरवणूक काढली नाही, इतकेच.

परंतु जे घेतले गेले ते कुळांचे वर्गीकरण. कल्पना, कर्म व संयोग यांच्या आधारे केलेली आपली मांडणी त्या गटात उतरली नाही. म्हणून आजही ए६१के ३६ मध्ये हरिद्रा शोधता येते, पण ‘क्षीरपाक’ शोधता येत नाही.

दुसरे प्रकरण निंबाचे, आणि ते आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. निंबतेलाच्या साहाय्याने पिकांवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीस युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली अमेरिकेचे कृषी खाते व डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीच्या नावे ०४३६२५७ क्रमांकाचे पेटंट दिले. या पेटंटाचे स्थान होते ए०१एन ६५, म्हणजे जंतुनाशके व कीटकनाशके यांच्या खणात. औषधी वर्गावर नजर ठेवणाऱ्या वैद्याला ते कधीही दिसले नसते. डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित पक्षाच्या मॅग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी हरकत घेतली, आणि १० मे २००० रोजी ते पेटंट रद्द झाले. कंपनीच्या बाजूचे अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. या झगड्यात जो पुरावा २००० साली वजनदार ठरला तो महाराष्ट्रातला होता: १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर एका मराठी उद्योजकाने केलेले निंबतेलाचे प्रयोग. ग्रंथातील वचन नव्हे, तर तारीखवार नोंद असलेले काम. निंबाचे कृमिघ्नत्व आपल्या निघंटूंत शतकानुशतके नोंदलेले आहे, तरी प्रकरण उभे राहिले कृषीच्या खणात, आणि तेथे आपल्यापैकी कोणी पहाऱ्यावर नव्हते.

तीच गोष्ट इतरत्रही घडते. क्षारसूत्रात सुधारणा केल्याचा दावा आला तर तो शल्यकर्मातील सूत्रांच्या ए६१एल १७ मध्ये जाईल. स्वेदनपेटी ए६१एच ३३ मध्ये, बस्तियंत्र ए६१एम ३ मध्ये. केसांचे तेल ए६१क्यू ५ मध्ये, आणि त्या खणात भृंगराज व ब्राह्मी घातलेल्या तेलांची गर्दी असणार हे सांगावयास ज्योतिषी नको. आपल्यापैकी ज्यांची औषधालये आहेत, त्यांची निम्मीअधिक उलाढाल तेले, उटणी, दंतमंजने व च्यवनप्राश यांवर चालते. आणि नेमक्या याच वस्तू ए६१के ३६ च्या बाहेर राहण्याची शक्यता अधिक.

मोजणीचाही विचार करावा लागेल, कारण धोरणे आकड्यांवर ठरतात. जागतिक संघटनेने २००८ मध्ये सर्व वर्गचिन्हांची पस्तीस तंत्रक्षेत्रांत मांडणी केली. त्या मांडणीत ए६१के मधील औषधे ‘औषधनिर्माण’ क्षेत्रात येतात, परंतु ए६१के ८ व ए६१क्यू ही प्रसाधने ‘सूक्ष्म कार्बनी रसायनशास्त्रात’ घातली आहेत. म्हणजे अभ्यंगस्नानाचे उटणे हे रसायनशास्त्र झाले! ए२३एल ‘अन्नरसायन’ क्षेत्रात, ए०१एन ‘मूलभूत पदार्थरसायनात’, स्वेदनपेटी ‘वैद्यकीय तंत्रज्ञानात’. एकच अर्ज अनेक क्षेत्रांत मोडत असेल तर संघटना त्याचे समान भाग करून प्रत्येक क्षेत्राच्या पदरी एक अंश टाकते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे रास्त आहे. तसे न केले तर एकच शोध पाच वेळा मोजला जाईल आणि बेरीज वास्तवापेक्षा फुगेल. पण आयुर्वेदाच्या दृष्टीने परिणाम काय होतो? आपले योग स्वभावतःच बहुवर्गीय आहेत. त्यांचे तुकडे चार क्षेत्रांत विखुरतात आणि ‘पारंपरिक औषध’ या नावाचे क्षेत्र तर त्या पस्तिसांत नाहीच. मग ‘आयुर्वेदात पेटंटे किती’ या प्रश्नाला कोणी फक्त पहिले चिन्ह धरून, कोणी फक्त ए६१के ३६ धरून, कोणी सगळी चिन्हे मोजून आकडा देतो. तीन प्रामाणिक माणसे तीन आकडे आणतील. अशा वेळी आकड्याच्या शेजारी मोजण्याची रीत लिहिलेली नसेल तर आपल्या त्रैमासिकाने तो आकडा छापू नये, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे. आत्रेयांची रीत वेगळी होती हे खरे. त्यांनी द्रव्याचे अंश पाडले नाहीत, आणि पाचशे ही पाचशे निराळ्या द्रव्यांची गणना आहे असा दावाही केला नाही.

‘पेटंट’ या शब्दानेच आपल्या क्षेत्रात एक जुना गोंधळ घातला आहे, त्याचाही येथे उल्लेख करतो. आपल्या बोलण्यात ‘शास्त्रोक्त औषध’ आणि ‘पेटंट औषध’ असे दोन प्रकार असतात. हे दुसरे नाव १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्यातील व्याख्येतून आले: अधिकृत ग्रंथांत सांगितलेली द्रव्ये, पण ग्रंथाबाहेरचा योग. या परवान्याचा पेटंट कायद्याशी काडीचा संबंध नाही. त्याने कोणतेही एकाधिकार मिळत नाहीत. आमच्या भागातील एका औषधालयाच्या मालकांस एका सल्लागाराने चांगली रक्कम घेऊन ‘तुमच्या तेलाचे पेटंट झाले’ असे सांगितले होते. कागद उलगडून पाहिला तेव्हा ती व्यापारचिन्हाची नोंदणी निघाली. असे प्रकार थांबावयाचे असतील तर कागदावरचे वर्गचिन्ह वाचता येणे हाच सोपा उपाय आहे. पेटंटाच्या कागदावर ए६१के सारखी खूण असते. व्यापारचिन्हाच्या कागदावर नुसता अंक असतो, औषधांसाठी पाच आणि प्रसाधनांसाठी तीन. दहा मिनिटांत शिकता येणारी ही गोष्ट आहे.

काही ज्येष्ठ वैद्यांचे म्हणणे असे की, अंकीय ग्रंथालय असताना आपण ही उठाठेव का करावी? चार लाखांहून अधिक योग त्यात पाच परकीय भाषांत उतरले आहेत, २००९ पासून युरोपीय व अमेरिकी परीक्षकांना ते खुले आहे, आता काळजी ती काय? या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्या ग्रंथालयाविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि ते ग्रंथांचे ग्रंथालय आहे. जे छापील वा हस्तलिखित ग्रंथांत आहे ते त्यात आले. घराण्यातील अनुभूत योग, औषधालयाच्या वहीतील फेरबदल, एखाद्या गावात तेलाला दिला जाणारा विशिष्ट पुट, हे त्यात कोठून येणार? शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’चे नाव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील अधिकृत ग्रंथांच्या यादीत आहे, याचा आपणा मराठी वैद्यांना अभिमान वाटतो, पण पदेशास्त्र्यांनंतर महाराष्ट्रात जे अनुभवसिद्ध ज्ञान साठले ते बहुतांशी वह्यांत आणि स्मरणात आहे. शिवाय ग्रंथालय उघडावयाचे की नाही हे परीक्षकाच्या मनात आधी यावे लागते. अर्जाचे पहिले चिन्ह प्रसाधनाचे किंवा अन्नाचे असेल तर तो त्या विषयाचा तज्ज्ञ असणाऱ्या परीक्षकाकडे जाण्याची शक्यता अधिक. त्याला आयुर्वेदाची आठवण होईलच असे नाही.

आपल्या कायद्याने येथे बरीच सोय केली आहे. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘पी’ हे उपकलम आले व ते २० मे २००३ पासून अमलात आहे. जो शोध वस्तुतः पारंपरिक ज्ञानच आहे, अथवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणधर्मांची गोळाबेरीज वा पुनरावृत्ती आहे, त्यास पेटंट नाही. हे बंधन वर्गनिरपेक्ष आहे. अर्ज कोणत्याही खणात असो, ते लागू होते. कलम २५ अन्वये अर्ज प्रसिद्ध झाल्यावर व पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही व्यक्ती हरकत घेऊ शकते, आणि स्थानिक समाजात तोंडी चालत आलेले ज्ञानही हरकतीचा आधार होऊ शकते. पेटंट मिळाल्यानंतर मात्र ही वाट अरुंद होते: एक वर्षाची मुदत, आणि हितसंबंधी व्यक्तीलाच अधिकार. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून पूर्वहरकतीलाही शुल्क लागते व ती प्रथमदर्शनी ग्राह्य आहे की नाही हे पाहिले जाते. त्यामुळे पुरावा पहिल्याच फटक्यात नीट असावा लागतो. कार्यालयाने डिसेंबर २०१२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पारंपरिक ज्ञानाशी संबंधित अर्ज तसे ओळखून वेगळे नोंदवावेत असे म्हटले आहे. येथेच आमचा आग्रह आहे. ही ओळख पहिल्या वर्गचिन्हावर ठरू नये. दाव्यांत पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांत आढळणारे एखादे द्रव्य त्याच्या ग्रंथोक्त कर्मासाठी आले असेल, तर अर्ज अन्नाचा असो, प्रसाधनाचा असो वा फवारणीच्या औषधाचा, त्यावर पारंपरिक ज्ञानाची खूण झालीच पाहिजे आणि ग्रंथालयाचा शोध घेतलाच पाहिजे. संघटनेने हे निवेदन मुंबईच्या कार्यालयास लेखी द्यावे.

निवेदनाने आपले काम मात्र संपत नाही. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते. ते संपूर्ण वाचणे एका माणसाला अशक्य आहे. पण संकेतस्थळावर वर्गचिन्ह घालून शोध घेता येतो, त्यास पैसे पडत नाहीत आणि ते काम तालुक्याच्या गावाहूनही होते. म्हणून आमची सूचना अशी आहे की, जिल्हाशाखांनी खण वाटून घ्यावेत. ए६१के ३६ चा भार नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थी आनंदाने उचलतील असे वाटते. द्रव्यगुणाचा अभ्यासही होईल. ए६१क्यू व ए६१के ८ हे खण औषधालयांच्या मालकांनी पाहावेत, कारण तेल आणि उटण्याची नस त्यांना ठाऊक आहे. ए२३एल पुण्याकडील मंडळींनी घ्यावा. रसकल्पांचा ए६१के ३३ रसशास्त्राच्या अध्यापकांकडे द्यावा. ए०१एन ६५ आम्ही परभणीकरांनी घेतो. कृषी विद्यापीठ आमच्या जिल्ह्यात आहे आणि तेथील तज्ज्ञांचे साहाय्य मागता येईल. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने पेटंट देता येत नाही, एवढी उसंत कायद्यानेच दिली आहे. महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरेसे.

पुराव्याचे काम याहून कठीण. आमच्या पाहण्यातील बहुतेक औषधालयांच्या वह्यांत योगाचे नाव व वजने असतात, तारीख नसते, द्रव्याचे लॅटिन नाव तर नसतेच. अशी वही परीक्षकापुढे ठेवून उपयोग होत नाही. प्रत्येक योगाला द्रव्यांची शास्त्रीय नावे, भाग, निर्मितीची रीत, उपयोग आणि प्रथम विक्रीची तारीख दाखविणारे एखादे बिल जोडून ठेवावे. रास्नेसारखे संदिग्ध द्रव्य असेल तर आपण प्रत्यक्षात कोणते वापरतो ते लिहावे. जो योग गुप्त ठेवावयाचा आहे तो छापू नये. ज्याच्यावर स्वतःच पेटंटाचा अर्ज करावयाचा आहे, तोही अर्जापूर्वी संमेलनात वाचू नये. विद्वत्सभेतील वाचनाला कायद्याने बारा महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही. उरलेले, म्हणजे ज्यांच्यावर कोणाचीच मालकी होऊ नये असे आपल्याला वाटते ते योग, या त्रैमासिकात तारखेसह, द्रव्यांच्या पूर्ण नावांसह आणि संभाव्य वर्गचिन्हांसह प्रसिद्ध व्हावेत. छापील अंक हा पूर्वज्ञानाचा पुरावा असतो.

वर्गचिन्हे लावण्याचे काम नवीन असल्याने आरंभी चुका होतील. त्यासाठी चंद्रप्रभावटी, महानारायण तेल, दशमूळारिष्ट, च्यवनप्राश व क्षारसूत्र या पाचांची चिन्हांकित टिपणे नमुन्यादाखल तयार करण्याचे आमच्या शाखेने ठरविले असून ती येत्या जिल्हा बैठकीत चर्चेसाठी ठेवू. महानारायण तेलाच्या बाबतीत आम्हां दोघांचे पहिल्या चिन्हावर अजून एकमत झालेले नाही.